डाग राहू द्या, मशीन धुऊन घ्या

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच जातीच्या घड्याळांबद्दल आहेत. सोन्याची, गोल, पातळ, हाताने चावी द्यायची स्विस घड्याळं, जी कुणाच्या तरी कपाटात वर्षानुवर्षं पडून होती. म्हणून सगळी जागा त्यांनाच देते. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलंय, कारण त्यात विचारलेलं काम एकदा केलं की उलटं फिरवता येत नाही.

प्रश्न: वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात पाटेक फिलिपचं सोन्याचं घड्याळ सापडलं. आजच्या घड्याळांच्या मानाने खूपच लहान, गोल, आणि सेकंदासाठी खाली वेगळं छोटं वर्तुळ. १९५० च्या सुमाराचं असावं. चावी दिली की चालतं, पण दिवसाला सात-आठ मिनिटं मागे पडतं. तबकडी पिवळट झाली आहे, चारच्या खुणेजवळ तपकिरी डाग आहेत, केसवर बारीक ओरखडे आहेत. एका दुरुस्ती करणाऱ्यांनी तबकडी नव्याने रंगवून आणि केस पॉलिश करून ‘अगदी नवंकोरं’ करून देतो म्हणून सांगितलंय. घड्याळ मुलीला द्यायचं आहे. करून घेऊ का?

उत्तर: तबकडी रंगवू नका. केस पॉलिश करू नका. मशीनची सर्व्हिसिंग मात्र नक्की करा, आणि ती होईपर्यंत कृपा करून घड्याळाला चावी देऊ नका.

तबकडीपासून सुरुवात करते. घरात चांगलं भिंग असेल तर उजेड एका बाजूने पडेल असं घड्याळ धरा आणि बारा वाजण्याच्या खुणेखालचं कंपनीचं नाव बघा. अक्षरं किंचित उंच दिसतील, त्यांना कडा असतील, आणि काळा रंग शाईसारखा मऊ न दिसता काचेसारखा चमकेल. कारण ती शाई नाहीच. त्या काळी अशा तबकडीवर अक्षरं आधी धातूत कोरत, त्या खोबणीत इनॅमलची पूड भरत, ती भट्टीत वितळवत, मग सगळा पृष्ठभाग घासून सपाट करून त्यावर चांदीचा हात देत. वडिलांच्या घड्याळावरचं नाव म्हणजे धातूत बसवलेली काच आहे. सत्तर वर्षांनीही ते काळंभोर राहतं ते त्यामुळेच.

या तबकड्या जिनिव्हातल्या स्टर्न बंधूंच्या कारखान्यात होत असत. १९३२ साली, जागतिक मंदीने स्विस घड्याळांचा धंदा पार झोपवला होता तेव्हा, याच बंधूंनी पाटेक फिलिप ही कंपनीच विकत घेतली. तबकड्या पुरवणारे घड्याळांचे मालक झाले, आणि आजही कंपनी त्याच घराण्याकडे आहे. त्याच वर्षी त्यांनी ९६ क्रमांकाचं मॉडेल काढलं, ज्याला पुढे कॅलट्राव्हा म्हणू लागले. सुमारे ३१ मिलिमीटर व्यास, साधी गोल केस, पट्ट्याचे कान केसमधूनच वाहत आल्यासारखे, तबकडीवर लागेल तेवढंच. तुमच्या वर्णनावरून तुमचं घड्याळ ९६ तरी असावं किंवा त्याच्या जवळच्या नात्यातलं. मनगटावरच्या घड्याळात साधेपणा इतक्या नेमकेपणाने फार थोड्यांना जमलाय असं मला मनापासून वाटतं, आणि त्या साधेपणाचा अर्धा भार ही तबकडीच उचलते.

आता ‘नव्याने रंगवणं’ म्हणजे काय होतं ते ऐका. आधी जुनं लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, काढतात. मग डाग जाईपर्यंत पृष्ठभाग घासतात. त्या घासण्यात काचेची अक्षरं झिजतात, काही ठिकाणी जातातच. मग वरून चांदी किंवा रंग, आणि त्यावर शाईने छापलेलं नवं नाव. दुरून झकास दिसतं. भिंगाखाली बघितलं की सेकंदाच्या वर्तुळातल्या रेघा कमी-जास्त जाड, अक्षरांतली अंतरं विस्कटलेली. जिनिव्हाच्या फ्रेंच स्पेलिंगमध्ये मधल्या अक्षरावर एक चिमुकली तिरकी रेघ असते. रंगवणाऱ्याच्या हातून ती हमखास सुटते किंवा भलतीकडे झुकते. तबकडी कुणी छेडलीय का हे बघायला माझी नजर सगळ्यात आधी तिथे जाते.

तुम्ही म्हणता ते तपकिरी डाग बहुधा लॅकरखाली गेलेल्या ओलाव्याचे आहेत, आणि पिवळटपणा लॅकरच्या वयाचा. त्याने घड्याळाचं काही बिघडत नाही. हवेच्या रबरी फुंकणीने धूळ उडवायची, बस. बोट लावायचं नाही, कापूस नाही, ‘थोडं हलक्या हाताने पुसून बघते’ तर मुळीच नाही.

केसबद्दल मी जे सांगते आहे ते माझ्या स्वतःच्या चुकीतून. शिकाऊ असताना माझ्या हातात जिनिव्हाच्याच व्हाशेरॉन कॉन्स्टन्टिन कंपनीचं एक सोन्याचं घड्याळ आलं होतं. मालकांना ते चकचकीत हवं होतं. मी बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरलं, कानांच्या कडांवरचे ओरखडे जाईपर्यंत फिरवलं, आणि आरशासारखं करून दिलं. ते खूश, मीही खूश. दोनेक वर्षांनी तसंच दुसरं घड्याळ माझ्या टेबलावर आलं. त्याला कधीच कुणी हात लावलेला नव्हता. कानांची वरची बाजू सपाट, बाजूची सपाट, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे सुरीने कापल्यासारखी कड. मी पॉलिश केलेल्या घड्याळाला ती कड उरली नव्हती. साबणाची वडी वापरून गोल होते, तसे त्याचे कान मी गोल करून टाकले होते. सोनं परत चढवता येत नाही. त्या दिवसानंतर जुन्या सोन्याच्या केसला मी बफ लावलेला नाही, आणि मालकांनी हट्ट धरला तर घड्याळ परत दिलंय.

अठरा कॅरटच्या मिश्रणात ७५ टक्के सोनं असलं तरी तो धातू पोलादाच्या मानाने मऊच. बफचा प्रत्येक फेरा थोडं सोनं घेऊन जातो, आणि सगळ्यात आधी जातात ते सोन्याच्या शुद्धतेचे ठसे. तुमच्या घड्याळाच्या कानांच्या मागच्या किंवा बाजूच्या अंगाला बाईच्या डोक्याचा बारीक ठसा दिसतो का बघा. तो अजून ठसठशीत असेल तर केस जवळजवळ मूळ आकारात आहे असं समजा. ओरखडे म्हणाल तर ते तुमच्या वडिलांच्या बाहीचे आणि टेबलाच्या कडेचे आहेत. मुलीला द्यायच्या घड्याळातून तेच काढून टाकायची घाई मला समजत नाही.

आता मशीन. इथे मात्र कंजुषी करू नका. त्या काळातली अशी मशीन्स बहुतेक तासाला १८,००० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचे ४,३२,००० आणि वर्षाचे १५ कोटींच्या वर. बॅलन्सचं, म्हणजे मागे-पुढे झुलून वेळ मोजणारं, चाक ज्या दोन टोकांवर हे सगळं झेलतं, ती टोकं ०.१ मिलिमीटरच्या आसपास जाडीची, आणि माणकांच्या भोकांत फिरणारी. मधे तेलाचा एक कण असतो. कपाटात पडून राहिलेल्या घड्याळात तो वाळून डिंकासारखा होतो, बॅलन्सचा झोका आखूड होतो. दिवसाला सात-आठ मिनिटं मागे पडण्याचं कारण मला इथेच दिसतं. वाळलेलं तेल आणि झिजलेल्या धातूची पूड मिळून पॉलिशपेपरसारखं काम करतात आणि पोलादाचं टोक कुरतडतात. चालतंय म्हणून चालवत राहिलात तर आज नुसतं धुऊन-तेल घालून भागलं असतं, तिथे उद्या बॅलन्सचा दांडाच बदलायची वेळ येईल. म्हणून चावी नको म्हटलं.

सर्व्हिसिंग म्हणजे वरून दोन थेंब तेल नव्हे. मशीन पूर्ण सुटं करायचं, प्रत्येक भाग धुवायचा, तपासायचा, जोडताना प्रत्येक जागी त्या जागेचं तेल द्यायचं. घड्याळ देताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: तबकडीला आणि केसला हात लावायचा नाही, काटे किंवा चावी विचारल्याशिवाय बदलायची नाही, बदललेला प्रत्येक जुना भाग पाकिटात घालून परत हवा. हे लिहून द्यायला जो काचकूच करेल त्याच्याकडे घड्याळ ठेवू नका. आणि मागचं झाकण उघडल्यावर तुम्हीही एकदा आत डोकावा. मशीनच्या धातूच्या पट्ट्यांवर समांतर लाटांसारख्या रेघा असतील, कडा तिरक्या कापून आरशासारख्या केलेल्या असतील, आणि नशीब असेल तर अर्धा गरुड आणि किल्ली असलेला जिनिव्हाचा छोटा शिक्का दिसेल. १८८६ च्या तिथल्या कायद्याने सुरू झालेला हा शिक्का जिनिव्हा प्रांतातल्या आणि ठरावीक दर्जाच्या मशीनलाच मिळायचा. झाकणाने कायम झाकल्या जाणाऱ्या भागावर कुणीतरी इतका जीव ओतला होता, हे मुलीला दाखवायला विसरू नका.

शेवटचं एक काम. मशीनवर एक क्रमांक असतो आणि झाकणाच्या आत केसचा दुसरा. दोन्ही उतरवून घ्या. कंपनीकडे १८३९ पासूनच्या नोंदी आहेत, आणि अर्ज केला की त्यांतला उतारा मिळतो: कोणतं मॉडेल, कधी बनलं, कधी विकलं गेलं. घेणाऱ्याचं नाव त्यात येत नाही. पण हे मशीन आणि ही केस पहिल्यापासून एकत्र आहेत का, हे त्यावरून कळतं. त्याचं महत्त्व पुढच्या उत्तरात सांगते.

प्रश्न: आजीकडून आलेलं घड्याळ खरंच सोन्याचं आहे की नुसता मुलामा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

उत्तर: ठसे वाचा. स्विस अठरा कॅरटच्या जुन्या केसवर ०.७५० हा आकडा किंवा १८के, आणि सोबत हेल्व्हेशिया, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं डोकं. चौदा कॅरटवर ०.५८५ आणि खारीचा ठसा. ही पद्धत १८८० च्या दशकापासून १९९५ पर्यंत चालली. त्यानंतरच्या घड्याळांवर सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं येतं. झाकणाच्या आत किल्लीचं चित्र आणि त्यात आकडा दिसला तर ती केस जिनिव्हातल्या कारागिराची आहे. तो आकडा त्याची ओळख सांगतो.

मुलाम्यावर बहुधा मायक्रॉनमध्ये जाडी लिहिलेली असते, उदाहरणार्थ २० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). किंवा मागचं झाकण स्टेनलेस स्टीलचं असल्याचं तिथेच कोरलेलं असतं. कानांच्या कोपऱ्यांवर आणि मनगटाला घासणाऱ्या कडेला मुलामा आधी उडतो आणि खालचा वेगळ्या रंगाचा धातू डोकावतो. सराफाकडे नेलंत तर कसाला लावू देऊ नका, आम्लाचा थेंबही नको. क्ष-किरणांनी तपासणारं यंत्र असेल तर त्याने एक ओरखडाही न पडता उत्तर मिळतं.

मुलामा निघाला तरी हिरमुसू नका. ओमेगाची ३० मिलिमीटरची हातचावीची मशीन्स मुलाम्याच्या केसमध्येही मिळतात. अचूकपणात ती सोन्याच्या केसमधल्या कित्येक मशीन्सना मागे टाकतील.

सोन्याच्या केसची एक वेगळी व्यथा आहे. डिसेंबर १९६९ मध्ये सेइकोने पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारं, मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या दहा वर्षांत हाताने चावी द्यायची घड्याळं लोकांना जुनाट वाटू लागली. त्यातच सोन्याचे भाव चढत चढत जानेवारी १९८० मध्ये तेव्हाच्या शिखराला पोचले. मग जगभर लोकांनी केस वितळवायला दिल्या. मशीन बाहेर काढायचं, केस मुशीत टाकायची. माझ्या खणात अशी तीन मशीन्स आहेत, बिनघराची. एक ओडमार पिगे या स्विस कंपनीचं, इतकं पातळ की हातात धरताना श्वास रोखला जातो. चावी दिली तर आजही चालतं. अशा उघड्या मशीन्सना पुढे कुणी नव्या केस करून घातल्या आणि ती ‘जुनी सोन्याची घड्याळं’ म्हणून फिरू लागली. म्हणून वर क्रमांक जुळवायला सांगितलं. आणि मूळ केस शाबूत असेल तर तिच्यावर बफ का नको, याचंही हे दुसरं कारण.

प्रश्न: जास्त चावी दिली की स्प्रिंग तुटते का? आणि वापरत नसलो तरी रोज चावी द्यावी का?

उत्तर: ‘जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. झाकण उघडलं की आत वाळलेलं तेल किंवा आधीच थकलेली स्प्रिंग सापडते. घड्याळाला पूर्ण चावी द्यायची असते. बोटाला ठाम अडथळा लागला की थांबायचं, त्यापुढे जोर करायचा नाही. रोज साधारण एकाच वेळी द्या. सकाळची वेळ चांगली, म्हणजे दिवसभराच्या हालचालीत स्प्रिंगला पुरतं बळ असतं. पूर्ण चावीवर अशी घड्याळं साधारण दीड दिवस चालतात.

मनगटावर असताना चावी देऊ नका. तिरकं ओढलं जाऊन चावीचा दांडा वाकतो. हा दांडा म्हणजे काय सोय आहे हे आपण विसरलो आहोत. आधी खिशातल्या घड्याळाला वेगळी किल्ली लागायची, ती हरवायची, आणि तिच्या भोकातून धूळ आत जायची. ज्यां आद्रियॅं फिलिपने १८४४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात किल्लीशिवाय चावी देता येणारं घड्याळ मांडलं. तिथे त्याची भेट आंतोनी पाटेकशी झाली, आणि पुढे कंपनीच्या नावात दुसरं नाव त्याचं आलं.

न वापरता ठेवलेलं घड्याळ नुकतंच सर्व्हिस केलेलं असेल तर महिन्यातून एकदा चालू द्या. बरीच वर्षं उघडलेलं नसेल तर शांत पडू द्या. वाळलेलं तेल फिरवल्याने ओलं होत नाही.

प्रश्न: माझं व्हाशेरॉन इतकं पातळ आहे की मनगटावर जाणवतच नाही. इतकं पातळ मशीन टिकतं का?

उत्तर: टिकतं, नीट वागवलं तर. व्हाशेरॉन कॉन्स्टन्टिनने १९५५ मध्ये, स्थापनेला २०० वर्षं झाली तेव्हा, १००३ हे मशीन वापरात आणलं. जाडी १.६४ मिलिमीटर. पियाजे कंपनीचं ९पी त्यानंतर दोन वर्षांनी, २ मिलिमीटरचं. दोन्ही आजही चालताना दिसतात.

धोका बाहेरून असतो. पातळ झाकण अंगठ्याने दाबलं तरी किंचित लवतं आणि खालच्या भागांना टेकू शकतं. त्यामुळे पट्टा बदलताना घड्याळ पालथं घालून दाबू नका, खाली मऊ कापड ठेवा. झाकण घरच्या सुरीने कधीही उघडू नका. सुरी निसटली की एकाच झटक्यात मशीनवरून ओरखडा जातो. अशी घड्याळं मी दुरुस्तीला घेते तेव्हा त्या दिवशी दुसरं काम घेत नाही. आणि अचूकपणाबद्दल: दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक पडत असेल तर समाधान माना. त्याहून घट्ट बसवण्याचा हट्ट मशीनला सोसत नाही.

प्रश्न: हात धुताना काढून ठेवावं लागेल का?

उत्तर: हो. प्रत्येक वेळी.

प्रश्न: सर्व्हिसिंगसाठी झाकण उघडलं तेव्हा आतल्या बाजूला सुईने ओरखडल्यासारखे आकडे दिसले. ‘३.६१’, ‘६.६५’, ‘२.७०’, ‘११.७४’, आणि शेजारी काही अक्षरं. कुणी खराब केलंय का? पॉलिश करून घालवता येतील?

उत्तर: कृपा करून घालवू नका. घड्याळ ज्यांच्या ज्यांच्या टेबलावरून गेलं त्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या या नोंदी आहेत. महिना, वर्ष, आणि स्वतःची खूण. घड्याळ पुन्हा आलं तर आपण ते कधी उघडलं होतं हे कळावं म्हणून. मी असं झाकण उघडते तेव्हा मशीनच्या आधी हेच वाचते. डॉक्टर नाडी धरण्याआधी जुने कागद बघतात तसं.

तुमच्या आकड्यांवरून दिसतं ते असं: मार्च १९६१, जून १९६५, फेब्रुवारी १९७०, नोव्हेंबर १९७४. चार-पाच वर्षांनी न चुकता. ज्यांचं हे घड्याळ होतं ते त्याला जपत होते, आणि १९७४ नंतर त्यांनी बहुधा ते हातातून काढून ठेवलं. त्या चार नोंदींमुळेच तुमच्या मशीनची टोकं आज शाबूत असण्याची मला आशा आहे.

आताच्या सर्व्हिसिंगची नोंद सुईने करू देऊ नका. सोनं कोरण्याची ती पद्धत आम्ही बऱ्याच जणांनी सोडली आहे. तारीख, काय केलं आणि कोणते भाग बदलले हे कागदावर लिहून घ्या, त्यावर दोन्ही क्रमांक घाला, आणि तो कागद घड्याळाच्या डबीत तळाशी ठेवा.